एजीपी कार्डाची खाच आणि बोर्डाचं व्होल्टेज: थोरल्या-धाकट्याच्या नोंदी

७ जानेवारी २०२४, रविवार

साताऱ्याच्या घराच्या माळ्यावरून बाबांचे दोन कॉम्प्युटर पुण्याला आणले. डीटीपीचं दुकान बंद केल्यापासून गोणपाटात गुंडाळून पडले होते. बाबा एकाला थोरलं म्हणतात, दुसऱ्याला धाकटं. मीही इथे तेच म्हणणार.

थोरलं म्हणजे पेंटियम ३, ४५० मेगाहर्ट्झ, स्लॉट १ चा प्रोसेसर, इंटेल ४४०बीएक्सचा बोर्ड, विंडोज ९८. त्यात पेजमेकर ६.५ आणि मराठी फाँटचं एक सॉफ्टवेअर, जे प्रिंटरच्या पोर्टला डाँगल, म्हणजे परवान्याची चावी, लावल्याशिवाय उघडतच नाही. धाकटं म्हणजे पेंटियम ४, १.८ गिगाहर्ट्झ, इंटेल ८४५, विंडोज एक्सपी, आणि कोरलड्रॉच्या ढीगभर फायली. काम एवढंच की दोन्हींवर नीट चित्र यावं, म्हणजे बाबांचे पत्रिकांचे नमुने पीडीएफ करून बाहेर काढता येतील.

थोरल्याच्या ग्राफिक्स कार्डावर नुसत्या उभ्या रेषा येतात. धाकट्याचं कार्ड दुकान आवरताना कुणीतरी नेलंय. दोन्ही बोर्डांवर ऑनबोर्ड डिस्प्ले नाही.

तपासणीसाठी माझ्याकडे एक पीसीआयचं, म्हणजे एजीपीहून वेगळ्या, जुन्या स्लॉटात बसणारं एस३ ट्रायो ग्राफिक्स कार्ड आहे, १ एमबीचं. ते लावून दोन्ही मशीनं बायोसपर्यंत, म्हणजे सुरू होतानाच्या पहिल्या स्क्रीनपर्यंत, गेली. म्हणजे बोर्ड जिवंत आहेत. हे वाक्य पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा. मग तेच कार्ड ठेवून काम का नाही केलं? कारण १ एमबीत १०२४ बाय ७६८ वर २५६ रंगच मिळतात, आणि हळदीकुंकवाच्या रंगातला गणपती २५६ रंगांत बघवत नाही. एजीपीचीच, म्हणजे त्या काळी ग्राफिक्स कार्डासाठी बोर्डावर असलेल्या खास स्लॉटाची, दोन कार्डं हवीत.

१० जानेवारी, बुधवार

धाकट्याच्या बोर्डावर प्रोसेसरशेजारचे सहा कपॅसिटर डोकं वर करून बसले होते. तापकीर गल्लीतून त्याच मापाचे आणले, एकूण ९० रुपये. बोर्ड जाड असल्यामुळे ग्राउंडच्या बाजूचा पाय लवकर सुटत नाही. २५ वॅटच्या इस्त्रीनं, म्हणजे सोल्डरिंगच्या, तासभर झटापट केली. शेजारच्या काकांकडून ६० वॅटची आणली तेव्हा पंधरा मिनिटांत झालं. एस३ लावून पुन्हा पाहिलं, चालू.

१४ जानेवारी, रविवार

जुन्या बाजारात गेलो. तिथे रविवारी आणि बुधवारी चादरीवर सगळं मिळतं, फक्त खाली वाकायची तयारी लागते. दोन कार्डं घेतली.

पहिलं: लहानसं, पंखा नाही, नुसतं हीटसिंक. चिपवरचं नाव घासून गेलेलं. सोनेरी पट्ट्यांच्या कडेला दोन खाचा. १५० रुपये.

दुसरं: जीफोर्स २ एमएक्स ४००. दोन खाचा. पंखा जाम. २५० रुपये.

"चालू आहेत का?" असं विचारल्यावर दुकानदार म्हणाला, "साहेब, दोन खाचा आहेत. कुठल्याही बोर्डात बसतंय. बसतंय म्हणजे चालतंय." मीही मान हलवली. खाचेची गोष्ट मला अर्धी माहीत होती, आणि नुकसान त्या अर्ध्यानंच केलं.

१५ जानेवारी, सोमवार, संक्रांत

धाकट्याचा बोर्ड मारला.

झालं असं. पंख्याला तेल द्यायचं होतं म्हणून एमएक्स ४०० बाजूला ठेवलं आणि पहिलं कार्ड धाकट्यात बसवलं. जरा घट्ट गेलं. तिथेच थांबायला हवं होतं, पण जुना स्लॉट आहे, धूळ असेल, म्हणून अंगठ्यानं दाबलं. बटण दाबलं. पंखे फिरले, बीप नाही, स्क्रीन काळी. आठ-दहा सेकंद मी कार्डाकडे बघत बसलो. नॉर्थब्रिजच्या, म्हणजे प्रोसेसरला रॅम आणि ग्राफिक्स कार्डाशी जोडणाऱ्या चिपच्या, हीटसिंकवर बोट टेकवलं तर चटका बसला. वास आला तेव्हा कुठे मागची वायर उपटली.

स्वयंपाकघरात आई गुळाच्या पोळ्या करत होती. बाबा म्हणाले, "काहीतरी करपलंय." आतून आवाज आला, "माझी पोळी नाही हं."

१७ जानेवारी, बुधवार

शवविच्छेदन. कार्ड काढून एस३ लावलं. काळी स्क्रीन. रॅम काढून सुरू केलं तर रॅम नसल्याची ओरडही नाही. परवापर्यंत हाच बोर्ड याच कार्डावर चालत होता.

मीटर ओहमवर ठेवून एजीपीच्या व्हीडीडीक्यू लाइनपासून ग्राउंडपर्यंत मोजलं. दोन ओहमच्याही खाली. व्हीडीडीक्यू म्हणजे कार्ड आणि नॉर्थब्रिज ज्या व्होल्टेजवर एकमेकांशी बोलतात ती लाइन. ती जवळजवळ शॉर्ट दाखवतेय म्हणजे नॉर्थब्रिजच्या पोटातच गेलंय. ती चिप बदलायला बीजीए स्टेशन, म्हणजे अशा चिपा उतरवून-चढवण्याचं मशीन, लागतं, आणि एवढ्या जुन्या बोर्डासाठी ते कुणी सुरूही करणार नाही.

मग कार्ड भिंगाखाली धरलं. पुढचं सगळं कोणी करत असाल तर हे आधी करा, माझ्यासारखं नंतर नको.

एजीपीच्या स्लॉटमध्ये एक खुंटी असते आणि कार्डाला त्या जागी खाच. ३.३ व्होल्टच्या बोर्डावर खुंटी २२ ते २५ नंबरच्या पिनांच्या जागी असते, म्हणजे कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याच्या बाजूला. १.५ व्होल्टच्या बोर्डावर ती ४२ ते ४५ च्या जागी, पत्र्यापासून लांब. पिनांची मोजणी पत्र्याकडून सुरू होते. दोन्ही व्होल्टेज चालणाऱ्या कार्डाला दोन्ही खाचा. माझं थोरलं ३.३ चं, धाकटं १.५ चं. ८४५ ला १.५ शिवाय दुसरं काही चालत नाही.

माझ्या कार्डाची पत्र्याकडची खाच गुळगुळीत, कडा सरळ, सोनेरी पट्ट्या खाचेच्या अलीकडे व्यवस्थित संपलेल्या. लांबची खाच मात्र किंचित तिरकी. कडेला काचतंतूंचा पिवळसर भुसा. आणि खाचेच्या डाव्या काठावर एक सोनेरी पट्टी उभी अर्धी चिरलेली. ही खाच कारखान्यातली नाही, कुणीतरी हॅक्सॉ ब्लेडनं पाडलीय. मूळचं ३.३ व्होल्टचं २एक्स (हा एजीपीच्या वेगाचा आकडा) कार्ड पेंटियम ४ मध्ये बसावं म्हणून.

कापणाऱ्याला अक्कल नव्हती असंही नाही. ४२ ते ४५ या पिनांवर ३.३ व्होल्ट, ग्राउंड आणि राखीव जागा एवढंच असतं, एकही डेटाची लाइन नाही. त्यामुळे कापूनही कार्ड मरत नाही. मरतो तो बोर्ड. कार्ड ३.३ व्होल्टचे सिग्नल पाठवत राहतं आणि पलीकडे १.५ साठी बनवलेली चिप ते अंगावर घेते.

२१ जानेवारी, रविवार

आज काहीही विकत घेतलं नाही. खाचेवर विश्वास न ठेवता कार्ड ओळखायचं कसं, तेवढंच शोधलं.

उत्तर एका पिनेत आहे: ए२, नाव टाइपडेट. १.५ व्होल्टवर चालणाऱ्या कार्डात ही पिन ग्राउंडला जोडलेली असते. फक्त ३.३ वाल्या कार्डात ती मोकळी असते. कार्ड टेबलावर, मीटर बीपवर, एक टोक ब्रॅकेटच्या पत्र्याला, दुसरं ए२ ला. बीप आला तर १.५ चालतं. नाही आला तर ते कार्ड १.५ च्या बोर्डाजवळही न्यायचं नाही, खाचा चार असल्या तरी.

वाचायला सोपं, पण माझा पहिला अर्धा तास फुकट गेला. दोन कारणं.

एक, एजीपीच्या सोनेरी पट्ट्या दोन मजली आहेत, एकाआड एक वर-खाली. मी फक्त खालची रांग मोजत होतो, त्यामुळे माझी दुसरी पिन खरी दुसरी नव्हतीच.

दोन, ए बाजू कुठली? कार्डावर लिहिलेलं नसतं. शेवटी ही युक्ती सापडली: बी बाजूला दुसरी आणि तिसरी पिन दोन्ही ५ व्होल्टच्या, म्हणजे कार्डात एकमेकींना जोडलेल्या. ज्या बाजूला २ आणि ३ मध्ये बीप येतो ती बी. कार्ड उलटं करा, ती ए. ब्रॅकेटचा पत्रा ग्राउंडला जोडलेला आहे ना, हेही आधी एकदा बघून घ्या. एका कार्डाचा पत्रा रंगवलेला निघाला, तिथे स्क्रूच्या भोकाशी टोक लावावं लागलं.

निकाल:
खुनी कार्ड: बीप नाही.
एमएक्स ४००: बीप.
थोरल्याचं उभ्या रेषांचं जुनं कार्ड: बीप नाही, एकच खाच, सरळमार्गी.
मित्राकडून आणलेलं एफएक्स ५२००: बीप.

या शेवटच्यावरून मित्राशी थोडा वाद झाला. त्याचं म्हणणं, हे ८एक्स, म्हणजे ०.८ व्होल्टचं, १.५ च्या बोर्डात जळेल. नाही जळत. १९९८ च्या एजीपी २.० नं १.५ व्होल्ट आणि ४एक्स आणलं, २००२ च्या ३.० नं ८एक्स. त्यातले ०.८ हे सिग्नल किती उंच जातो त्याचं माप आहे. पुरवठ्याची लाइन १.५ चीच राहते, म्हणून ०.८ साठी तिसरी खाच कधी आलीच नाही. ४एक्सच्या बोर्डात असं कार्ड निमूटपणे ४एक्सवर चालतं.

जाता जाता: आसुसच्या काही पेंटियम ४ बोर्डांवर एजीपी वॉर्न नावाचा लाल दिवा असायचा. ३.३ चं कार्ड दिसलं की दिवा लागायचा आणि बोर्ड सुरूच व्हायचा नाही. माझ्या बोर्डावर तो नव्हता. दोन-पाच रुपयांच्या सर्किटनं माझी संक्रांत वाचली असती.

२८ जानेवारी, रविवार

बदली बोर्ड मिळाला. तापकीर गल्लीत जुनं सामान दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे, ८४५ चाच, सॉकेट ४७८, ९०० रुपये. मी किंमत कमी करायला निघालो तर ते म्हणाले, "आधीचा कशानं गेला ते सांग, मग बोलू." सांगितलं. ते हसले आणि ५० रुपये कमी केले. ते शिक्षणाचे, म्हणाले.

घरी आल्यावर कळलं की हा बोर्ड डीडीआर रॅमचा. माझी रॅम साधी एसडीरॅम. ८४५ दोन्ही तऱ्हांत आला होता, आणि मी फक्त चिपसेटचं नाव वाचून आलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा खेप, २५६ एमबी डीडीआर, २०० रुपये.

प्रोसेसर वाचला होता. एस३ वर बायोस दिसला. व्हीडीडीक्यू मोजलं, १.५२ व्होल्ट. हे मोजताना प्रोब स्लॉटच्या आत खुपसू नका, शेजारच्या दोन पिना एकत्र टेकल्या की मेहनत पाण्यात. स्लॉटजवळ व्होल्टेज रेग्युलेटरचा मॉसफेट (एक ट्रान्झिस्टर) असतो, त्याच्या पायावर मोजा. थोरल्यावर हेच ३.३१ आलं.

४ फेब्रुवारी, रविवार

एमएक्स ४०० चा पंखा सोडवला. मागचं स्टिकर उचलून आईच्या शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. सोनेरी पट्ट्या खोडरबरनं पुसल्या, भुसा ब्रशनं झटकला.

धाकट्यात लावलं. एक लांब, दोन छोटे बीप, म्हणजे बायोसला कार्ड सापडत नाही. पोटात गोळाच आला. काढून पाहिलं तर कार्ड मागच्या टोकाला वर उचललेलं. ब्रॅकेटचा स्क्रू आवळला की कार्ड पत्र्याकडे खाली ओढलं जातं आणि दुसरं टोक वर येतं. याच्यासाठीच ४एक्सच्या स्लॉटांना शेपटीकडे अडकवायची कडी असते. माझ्या बोर्डाची तुटलेली. स्क्रू आधी हलका, मग शेपूट दाबून धरून आवळला. चित्र आलं. एक्सपीनं चिपसेट बदलल्याची फारशी कुरकुर केली नाही, कोरलड्रॉ उघडलं.

धाकट्याचं काम झालं. त्या बोर्डाचा खर्च रॅमसकट १,०५० रुपये, जो झालाच नसता.

११ फेब्रुवारी, रविवार

थोरल्यासाठी एफएक्स ५२०० लावायचा बेत होता. दोन्ही खाचा अस्सल, ३.३ वर चालतं. पण विंडोज ९८ चा ड्रायव्हर टाकला की लोगोनंतर मशीन गोठायचं. डॉसमध्ये ठीक, सेफ मोडमध्ये ठीक. तीन वेगवेगळे ड्रायव्हर टाकून पाहिले. अख्खी दुपार गेली.

संध्याकाळी एसएमपीएसच्या, म्हणजे पॉवर सप्लायच्या, ३.३ व्होल्टच्या नारिंगी वायरीवर मीटर लावलं. रिकाम्या मशीनमध्ये ३.२७. विंडोज सुरू होताना ३.०८. पाच टक्क्यांची मुभा धरली तरी ३.१३ च्या खाली जायला नको. ड्रायव्हर बिचारे निर्दोष होते. एजीपी कार्ड ३.३ च्या लाइनवरून ६ अँपिअरपर्यंत ओढू शकतं, आणि म्हाताऱ्या एसएमपीएसला ते झेपत नव्हतं.

अदलाबदल केली. धाकट्याचा जुना, तगडा एसएमपीएस थोरल्याला, आणि धाकट्याला नवा, ६५० रुपयांचा. उलट का नाही? पेंटियम ३ चा बोर्ड प्रोसेसरसाठी ५ व्होल्टची लाइन वापरतो आणि आजकालचे स्वस्त एसएमपीएस ५ आणि ३.३ वर हात आखडता घेतात. पेंटियम ४ चौकोनी चार पिनांतून १२ व्होल्ट घेतो, तिथे नवे एसएमपीएस दणकट. नंतर भार देऊन मोजलं तर ३.२९.

एफएक्स चाललं. पण मित्राला त्याचं कार्ड परत हवं होतं, त्याच्याही डोक्यात आता जुनं मशीन शिरलंय.

१२ फेब्रुवारी, सोमवार

उरलं कोण? खुनी.

रात्री बसून विचार केला. या कार्डात बिघाड काहीच नाही. ते ३.३ चं आहे, थोरलं ३.३ चं आहे. कापलेल्या चार पिनांशिवायही ३.३ आणि ग्राउंडच्या पुष्कळ पिना शिल्लक आहेत, आणि पंखा नसलेल्या चिपला एवढा करंट पुरेल. पण एकदा हात पोळलेला.

कापलेल्या कडा बारीक पॉलिश पेपरनं घासल्या, अर्धी चिरलेली पट्टी कटरनं पूर्ण खरवडून काढली, म्हणजे ती शेजारच्या पिनेला टेकायची भीती नको. ३.३ ते ग्राउंड, ५ ते ग्राउंड, १२ ते ग्राउंड, तिन्ही मोजलं. शॉर्ट नाही. तरी पहिल्यांदा सुरू करताना बीएक्सच्या, म्हणजे थोरल्याच्या नॉर्थब्रिजच्या, हीटसिंकवर बोट ठेवूनच बटण दाबलं. कोमट. एक छोटा बीप. चित्र.

१०२४ बाय ७६८, एक कोटी साठ लाखांहून जास्त रंग, ड्रायव्हर विंडोज ९८ च्या सीडीतलाच.

१८ फेब्रुवारी, रविवार

पोस्टस्क्रिप्ट प्रिंटरचा ड्रायव्हर टाकून पेजमेकरमधून 'प्रिंट टू फाइल', ती फाइल सीडीवर, सीडी लॅपटॉपमध्ये, तिथे घोस्टस्क्रिप्टनं पीडीएफ. एका पत्रिकेला चार मिनिटं. अक्षरं जशीच्या तशी, रफारासकट. आतापर्यंत ६२ झाल्या.

बाबांनी स्वतःहून खुर्ची ओढली आणि आत्याच्या लग्नाची पत्रिका उघडली. खाली 'आमच्या आत्याच्या लग्नाला नक्की यायचं हं' आणि त्याखाली माझं नाव. बाबा बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "वेलांटी चुकलीय. तेव्हा पाचशे छापल्या." माउस हातात घेऊन दुरुस्त केली आणि सेव्ह केलं.

खुनी कार्डाच्या ब्रॅकेटवर पांढऱ्या पेंटनं लिहिलंय: '३.३ फक्त. खाच खोटी.' पेंट अजून ओला आहे, म्हणून कॅबिनेट उघडंच ठेवलंय.